पावशेर

मोंढ्यात दिवसभर मी हळद मोजतो.
काट्यावर पोतं, आकडा थरथरतो, थांबतो,
मी ओरडतो, मुनीम लिहितो.
संध्याकाळी नखांपासून भुवयांपर्यंत पिवळा होऊन घरी येतो
आणि हातपाय न धुता आधी खुराड्यात वाकतो.
अर्ध्या किलोच्या आतलं काही निपजलंय का?

वसमतचे लोक हसतात.
"मापाडी, कोंबड्या पाळायलास का चिमण्या?"
"कामून रे, एका ताटाला किती लागतील?"
जगाला वजन वाढवायचंय,
ह्यालाच उतरवायचंय.
व्हय, म्हणतो मी.

पहिली जोडी नांदेडच्या खाजामियांनी दिली,
बुटांच्या खोक्यात, झाकणाला भोकं पाडून.
एसटीत कंडक्टरनं विचारलं, काय हे खोक्यात?
तर खोकंच आरवलं,
इतक्या जोरात की पुढच्या सीटवरची बाई उठून उभी राहिली.
तेव्हापासून त्याचं नाव तहसीलदार.
पाय दोन बोटांचे, छाती धुळीला टेकलेली,
शेपूट मात्र डोक्याच्याही वर,
चाल अशी की सगळ्या गल्लीचा सातबारा त्याच्याच नावावर.
ती पावशेर. तिचं अंडं
सोजरनं मुठीत घेतलं की मूठ रिकामी वाटते.

मग त्यांची पिलं, मग पिलांची पिलं, आपसातच.
बाहेरचं रगत आणलं की पाय लांबतात.
वहीत लिहीत गेलो: पाचशे ऐंशी. पाचशे दहा. चारशे साठ.
मोंढ्यातल्या कुठल्या आकड्यानं
मला इतकं खूश केलं नव्हतं.

पण खुडूक कोंबडीखाली आठ ठेवली की सहाच फुटायची.
पुन्हा आठ. पुन्हा सहा.
कणीला बोल लावला, उन्हाला लावला,
शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या आवाजाला लावला.
रात्री बॅटरीवर अंडं धरायचो.
लाल शिरांचं जाळं, मधे एक ठिपका धडधडतोय.
पाचव्या रात्री दोन अंड्यांत
ठिपका तसाच, नुसता ठिपका.

ढोरांच्या दवाखान्यात डॉक्टर पतंगे
हात धुता धुता म्हणाले,
बुटक्याला बुटकी लावलीस तर चारातलं एक कवचातच जाणार.
कणीचा दोष नाही, रगताचा आहे.
लांब पायाची एक आण. काही पिलं उंच निघतील, निघू दे.

घरी येऊन सोजरला जसंच्या तसं सांगितलं.
ती शेंगा फोडत होती.
सोजर माझ्या सख्ख्या मामाची लेक.
आमच्या लग्नात सगळे म्हणाले होते, घरातलं घरात, बरं झालं.
एक शेंग फुटली. दाणे डब्यात, टरफलं सुपात.
दुसरी फुटली.
तिसरी तशीच धरून बसली, मग म्हणाली,
"चारातलं एक व्हय?
आपलं तर एकच होतं."

त्यानंतर त्या विषयावर कुणी काही बोललं नाही.
बाजाराच्या दिवशी तीच जाऊन एक गावरान तलंग घेऊन आली,
काळी, उघड्या मानेची, बगळ्यासारख्या तंगड्यांची.
तहसीलदारानं तिला खालून वर बघितलं.
दोन दिवस नुसताच ओरडत फिरला.
तिसऱ्या दिवशी सोजरनं खुराड्यात एक वीट ठेवली
आणि तोंडाला पदर लावून आत निघून गेली.

काळीची अंडी पावशेरखाली पाचच मावली.
पंख ताणून बसली बिचारी,
तरी एक कडेनं उघडं पडायचं,
सोजर येता-जाता ते आत सारायची.

एकविसाव्या दिवशी मी काट्याजवळ होतो.
चार फुटल्याचं सकाळीच बघून आलो होतो.
दुपारी फोन वाजला. हळदीच्या हातानं उचलला.
"फुटलं," एवढंच म्हणाली, आणि ठेवला.
पोतं काट्यावर, हमाल थांबलेले,
मुनीम पेन उचलून विचारतोय, किती?

पाच, मी म्हणालो.
पाच काय, मापाडी? क्विंटल का किलो?